मी आकड्यांचा माणूस, कविता कशाला वाचू?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लातूरला एका आडत दुकानावर मुनीम आहे. वय ५१. सकाळी सौदा निघतो, दुपारी मापं होतात, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करायच्या, हमाली-तोलाई वजा करून रक्कम हातात द्यायची आणि रात्री कीर्द जुळवून घरी जायचं. पंचवीसेक वर्षं हेच करतो आहे आणि काम चोख करतो.

सासूबाई मागच्या वर्षी वारल्या. त्यानंतर काही महिन्यांनी सौ. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जायला लागली. तिथं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दहा-पंधरा जण जमून कविता वाचतात. ती बारावी शिकलेली, घरी शिवणकाम करते. आधी तिला कवितेचा नाद नव्हता. आता मशीनवर बसूनसुद्धा काहीतरी पुटपुटत असते. एकदा तिनं मला एक कविता वाचून दाखवली. मी म्हणालो, छान आहे, पण यातून मिळतं काय? त्यानंतर तिनं पुन्हा काही वाचून दाखवलं नाही. परवा मात्र म्हणाली, या शनिवारी माझ्याबरोबर चला.

माझं धाडस होत नाही. तिथं निवृत्त प्राध्यापक, वकील असे लोक येतात. शाळेत संदर्भासह स्पष्टीकरण पाठ करून मार्क मिळवले, तेवढाच माझा कवितेशी संबंध. मोबाईलवर रोज सकाळी कविता येतात, त्या मी न वाचताच पुढे सरकवतो. खरं सांगायचं तर कविता ही शिकलेल्या, सवड असलेल्या लोकांची गोष्ट आहे असं मला वाटतं. आमच्यासारख्या साध्या माणसानं त्यात का पडावं? नाही म्हणालो तर तिला वाईट वाटेल, हो म्हणालो तर ढोंग होईल. काय करू?

– एक मुनीम, लातूर

मुनीमजी, नमस्कार.

शनिवारी जायचं की नाही हे आपण शेवटी बघू. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळते. कविता ही शिकलेल्या, सवड असलेल्या लोकांची गोष्ट आहे, असं तुम्ही लिहिलंय. हे मनात धरून तुम्ही वाचनालयात गेलात तर तिथं अंग चोरून बसाल आणि तसेच परत याल. म्हणून ते आधी मनातून काढायला हवं. ते खरंही नाही.

तुमच्याच व्यवसायाच्या जवळच्या एका माणसापासून सुरुवात करते. देहूला त्याचं वाण्याचं दुकान होतं. घरी देणंघेणं होतं, लोकांची कर्जखतं होती, वह्या होत्या. आईवडील गेले आणि संसार अंगावर पडला. त्यात १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. दुकान बसलं. पहिली बायको उपासमारीत गेली. हे सगळं त्यानं स्वतः एका अभंगात सांगून ठेवलंय. तुकाराम हे नाव घेतलं की आपण हात जोडतो आणि वाचायचं राहून जातं, म्हणून घटकाभर तो तुमच्या बाजारपेठेतला माणूस आहे असं समजून ही दोन कडवी वाचा:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें ।
वेवसाय देखें तुटी येतां ॥

यात न कळण्यासारखं काय आहे? एक उपमा नाही, एक अलंकार नाही. आधी पैसा आटला, पैशाबरोबर मान गेला. बाजारात पत कशी जाते हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. काल ज्याच्या शब्दावर माल सुटायचा, त्याला आज चहासुद्धा कुणी विचारत नाही. तुकोबा हे चार शब्दांत सांगतात. त्याच्या पुढच्याच ओळीत बायको. 'अन्न अन्न' हा शब्द दोनदा येतो आणि तिचा आवाज कानावर पडतो. 'माझी पत्नी उपासमारीनं वारली' असं लिहिलं असतं तर ती बातमी झाली असती. इथं ती मागते आहे आणि द्यायला घरात काही नाही, हे आपल्या समोर घडतं. आणि मग येते लाज. धंद्यात तूट आली याची लाज. बायकोच्या मरणानंतर लगेच माणूस तुटीबद्दल बोलतो, हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यानं ते झाकलं असतं. तुकोबा झाकत नाहीत. घर चालवणाऱ्या माणसाच्या मनात या दोन गोष्टी अशाच शेजारी शेजारी असतात, हे त्यांनी मान्य करून टाकलंय.

याच अभंगात पुढं आणखी एक ओळ आहे. ती मी खास तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. भंगलेलं देऊळ बांधावं असं मनात आलं, एकादशीला कीर्तन करू लागलो, असं सांगताना ते म्हणतात, 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें'. दुसऱ्यांनी म्हटलेलं पाठ केलं. ज्याच्या ओळी आज चारशे वर्षांनंतरही लोक बोलता बोलता वापरतात, त्याची सुरुवात ही अशी, दुसऱ्याच्या ओळी तोंडात घोळवण्यापासून झाली. तुमच्या सौ. मशीनवर बसून जे पुटपुटतात ते नेमकं हेच आहे.

आता सवडीचं बघू. लातूरपासून फार लांब जायला नको. तेरला गोरोबाकाकांनी माती तुडवत अभंग म्हटले. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची आणि तिची कविता त्या दळणकांडणानंच भरलेली आहे. अरणला सावता माळ्यानं कांदा, मुळा, भाजीत विठाबाई पाहिली. यातल्या एकाकडेही सवड नव्हती. आणि ज्यांची नावंसुद्धा कुणी टिपून ठेवली नाहीत अशा बायकांचं तर काय सांगावं! पहाटे उठून, पोर मांडीवर घेऊन, जातं ओढता ओढता त्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा करवल्या, तेव्हा त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! एवढी मोठी कविता रचणाऱ्या बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हतं आणि दिवसभरात स्वतःसाठी असा वेळ नव्हता. काम होतं म्हणून ओवी होती. हात फिरत होते, त्या लयीवर शब्द बसत गेले.

हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर नारायण सुर्वे बघा. तान्हं असताना मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं पोर. एका गिरणी कामगारानं घरी नेलं, वाढवलं, आपलं नाव दिलं. गिरणीत राबणं, शाळेत शिपायाची नोकरी, मग शिक्षकी, असं करत करत हा माणूस मराठीतला मोठा कवी झाला आणि १९९५ साली तुमच्या शेजारच्या परभणीला साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणून उभा राहिला. ना. धों. महानोर पळसखेडला शेती करत होते. 'रानातल्या कविता' हा त्यांचा संग्रह १९६७ सालचा. त्यातली ज्वारी आणि पाऊस तुमच्या दुकानात माल घेऊन येणाऱ्या माणसांच्या ओळखीचे आहेत. कविता साध्या माणसांपासून लांब कधीच नव्हती. आपण तिच्यापासून लांब गेलो.

का गेलो, याचं मला वाटतं ते कारण सांगते. शाळेला सरसकट दोष देणार नाही. आज तुम्हाला जी काही कविता पाठ असेल ती शाळेमुळेच. पण परीक्षेनं एक वाईट सवय लावली. कविता दिसली की तिच्या पोटात काहीतरी दडवलेलं आहे आणि ते आपल्याला शोधून काढता आलं पाहिजे, अशी धास्ती बसली. कवीला काय सांगायचे आहे? पाच गुण. उत्तर आलं नाही की आपण नापास. ती धास्ती पन्नाशीतही सुटत नाही. वाचनालयात प्राध्यापक बसलेले असतील या विचारानं तुमच्या पोटात जो गोळा येतो, तो त्या पाच गुणांचा आहे.

त्यावरचा उपाय म्हणून एक कविता इथं देते. आठच ओळींची आहे. बालकवींची 'औदुंबर'. शाळेत केली असेल, तरी आता नव्यानं वाचा, शक्यतो मोठ्यानं.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे,
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे,
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर,
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

संपली. यात उपदेश नाही, गोष्ट नाही. तुम्ही सौद्याच्या वेळी ढिगातले दाणे मुठीत घेता, उजेडाकडे धरता, एखादा दाताखाली फोडून बघता आणि ओल किती आहे ते सांगता. त्या दाण्यांचा अर्थ काय, असं तुम्ही कधी विचारत नाही. तेवढ्याच बारकाईनं या ओळींकडे बघा. नुसते रंग बघा. आधी हिरवं आणि निळं, मग पुन्हा हिरवं, त्यातून एक पांढरी वाट निघते. ती सरळ जात नाही, अडवीतिडवी जाते. हिरव्या कुरणांतून ती उतरते आणि पोचते कुठं, तर काळ्या डोहाशी. शेवटच्या दोन ओळींत नुसता काळोखच, पण कवी त्याला गोड म्हणतो. आणि तिथं एक झाड, पाण्यात पाय सोडून बसलेलं. चार घरांच्या गावात एकही माणूस दिसला नाही, आणि माणसासारखं बसलेलं दिसलं ते झाड. हे लिहिणारा अठ्ठाविशी पुरी व्हायच्या आत, १९१८ साली, रेल्वेखाली सापडून गेला. या आठ ओळी आनंदाच्या आहेत की उदासपणाच्या, यावर जाणकार वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. ज्यांना 'अर्थ लागतो' त्यांचंही इथं एकमत नाही, मग तुम्हाला एका वाचनात लागला नाही तर बिघडलं काय? पाण्यात पाय सोडलेलं झाड डोळ्यांसमोर आलं ना, मग कविता तुम्हाला मिळाली. पुढचं आपोआप होतं, कधी कधी दहा वर्षांनी होतं.

सकाळी मोबाईलवर येणाऱ्या कवितांबद्दल थोडक्यात. त्यातल्या बऱ्याचशा उपदेशाला यमक जोडून केलेल्या असतात आणि खाली पु. ल. किंवा कुसुमाग्रज असं एखादं मोठं नाव चिकटवलेलं असतं, ज्याचा त्या ओळींशी काही संबंध नसतो. त्या न वाचता पुढे सरकवता हे बरोबरच करता. फक्त त्यावरून कवितेची पारख करू नका.

आता तुम्ही सौ. ना विचारलेल्या प्रश्नाकडे येते. यातून मिळतं काय?

कविता वाचून माणूस चांगला होतो, असं मी म्हणणार नाही. कविता न वाचणारी कितीतरी सोन्यासारखी माणसं आपण पाहतो. पगार वाढत नाही, दुखणं बरं होत नाही. मला जे पटलंय ते एवढंच आहे: आयुष्यात काही प्रसंग असे येतात की आपल्याजवळचे रोजचे शब्द तिथं पुरत नाहीत, आणि कुणीतरी ते आधी सोसून नेमक्या शब्दांत ठेवलेलं असतं. ते सापडलं की आपल्या दुःखाला धरायला जागा मिळते.

तुमच्या पत्रात तुम्ही एका ओळीत सांगून पुढं गेलात, पण माझी नजर तिथंच अडली. सासूबाई गेल्या आणि काही महिन्यांनी सौ. वाचनालयात जाऊ लागल्या. या दोन गोष्टी तुम्ही एकापाठोपाठ लिहिल्या आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध असावा असं मला फार वाटतं. सासूबाई गेल्या तेव्हा घरी भेटायला आलेली माणसं काय म्हणाली असतील? वय झालं होतं. सुटल्या. आता तुम्हीच सावरा. ही माणसं वाईट नसतात, त्यांच्याजवळ तेवढेच शब्द असतात. पण आई गेली की लेकीचं आणखीही काहीतरी जातं. घर तिथंच असतं, भाऊ-भावजय असतात, सणाला बोलावणंही येतं, आणि तरी ते माहेर राहत नाही. हे बोलून कुणाला दाखवायचं? भावाला सांगितलं तर त्याला लागेल. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, अगं, आहेत की सगळे.

जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेल्या आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बहिणाबाईंनी यावर दोन ओळी म्हणून ठेवल्या आहेत. एक योगी त्यांना विचारतो, तुझ्या ओठी सारखं माहेरचं गाणं असतं, मग तू सासरी आलीस तरी कशाला? त्याला त्या उत्तर देतात:

लेकीच्या माहेरासाठी
माय सासरी नांदते.

तुम्ही आकड्यांचे आहात, तर बोटांवर मोजून बघा. पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीतही आठ. सोळा अक्षरांत तीन पिढ्या बसल्या आहेत. आज मी जिथं राबते ते माझं सासर, पण मी इथं तग धरून राहिले तरच माझ्या लेकीला उद्या माहेर मिळेल. म्हणजे आईनं जे काही सोसलं, त्यातला मोठा वाटा लेकीला यायला एक घर असावं यासाठी होता. ही ओळ ज्या लेकीची आई नुकतीच गेली आहे तिनं वाचली तर तिचं काय होईल, याचा विचार करा. माहेर म्हणजे काय होतं आणि नेमकं काय गेलं, हे तिला कळतं. आणि ती स्वतः इथं, तुमच्या घरात, कशासाठी उभी आहे हेही कळतं. हे तिला कुठल्या भेटायला आलेल्या माणसानं सांगितलं नसतं. मलाही सांगता आलं नसतं. या पाच शब्दांचं मी केलेलं स्पष्टीकरण बघा किती लांबलं, आणि तरी मूळ ओळीची सर त्याला नाही.

सौ. नी तुम्हाला कोणती कविता वाचून दाखवली होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. कदाचित ती वेगळ्याच कशाबद्दल असेल. पण तुमच्या 'मिळतं काय'नंतर त्या गप्प झाल्या, यावरून एवढं नक्की की त्यांनी तुम्हाला नुसती कविता ऐकवली नव्हती. जे स्वतःच्या शब्दांत सांगता येत नव्हतं ते दुसऱ्याच्या शब्दांतून सांगून बघितलं होतं. तुम्ही मुद्दाम दुखावलं असं मी म्हणत नाही, दिवसभर जमा-खर्च बघणाऱ्या माणसाच्या तोंडून तो प्रश्न सहज येतो. पण त्यांना लागलं असणार. आणि तरीही त्या परवा 'चला' म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारायला त्यांना किती बळ लागलं असेल ते लक्षात घ्या.

तर आता काय करायचं?

शनिवारच्या आधी एखाद्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, त्यांना म्हणा, 'तेव्हा वाचली होतीस ती कविता पुन्हा एकदा वाच, मला नीट ऐकायची आहे.' मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. वाचून झाली की लगेच काही बोलू नका. छान आहे, असंही नको, कारण मागच्या वेळी 'छान आहे'च्या पाठोपाठच तो प्रश्न आला होता. एखादा शब्द अडला असेल तर तो विचारा. एखादी ओळ आवडली असेल तर 'ती ओळ परत म्हण' एवढंच सांगा. काहीच जाणवलं नाही तर तसं सांगा: मला अजून नाही भिडली, उद्या परत वाचशील? यात ढोंग काही नाही. ढोंग तेव्हा होतं जेव्हा न भिडलेल्या ओळीला माणूस मान डोलावतो.

स्वतःसाठी वाचायचं तर मोठा संग्रह घेऊन पहिल्या पानापासून सुरू करू नका. तसं करणारे तिसऱ्या दिवशी थांबतात. वाचनालयातून 'बहिणाबाईंची गाणी' आणा, किंवा तुकोबांची गाथा घरी असेल तर ती काढा, आणि मधलंच कुठलंही पान उघडा. एक कविता, मोठ्यानं, दोनदा. दोन मिनिटं लागतात. कीर्द मिटल्यावर घरी यायच्या आधी दुकानातसुद्धा होईल. बहिणाबाईंची बोली खानदेशी आहे, मराठवाड्याच्या कानाला सुरुवातीला थोडी अडखळेल, पण मोठ्यानं वाचली की सुटते. मार्गदर्शक, रसग्रहणाची पुस्तकं, मागे बासरी लावलेले व्हिडिओ, हे सगळं सध्या लांब ठेवा. नाही आवडली कविता तर पान उलटा. कादंबरी अर्धी टाकली की चुकचुकल्यासारखं होतं, कवितेत ती भानगड नाही. काही मोठमोठ्या कवींच्या कविता मलाही आजवर जवळच्या वाटलेल्या नाहीत, आणि त्याचं मला ओझं वाटत नाही.

प्राध्यापक आणि वकिलांचं म्हणाल, तर अशा बैठकांत बहुतेक जण नुसते ऐकत असतात. तुम्हाला कुणी उभं करून रसग्रहण विचारणार नाही. आणि त्या खोलीत धान्याचा भाव पडल्यावर शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो हे रोज समोरून पाहणारा बहुधा तुमच्याशिवाय दुसरा कुणी नसेल. शेतीवरची कविता तिथं वाचली जाईल तेव्हा त्यातलं खरं किती आणि वरवरचं किती, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळेल. कविता वाचायला जे भांडवल लागतं ते पुस्तकांतून थोडं आणि पाहिलेल्या-सोसलेल्यातून जास्त येतं. ते तुमच्याकडे भरपूर आहे.

आणखी एक काम मी तुम्हाला सांगणार आहे, आणि ते तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. सासूबाईंच्या पिढीतल्या बायका जात्यावर बसलेल्या आहेत. 'पहिली माझी ओवी गं, पहिला माझा नेम' असं म्हणत त्यांनी दळलेलं आहे. सौ. ना विचारा, तुझी आई दळताना काय म्हणायची? कदाचित काहीच आठवणार नाही. कदाचित अर्धी ओळ आठवेल आणि उरलेली मावशीला किंवा मामीला फोन केल्यावर मिळेल. जी मिळेल ती लिहून घ्या. कोऱ्या वहीत, तारीख घालून, ज्या बोलीत म्हटली त्याच बोलीत, शुद्ध न करता. कुणी सांगितली, कोणत्या गावची, तेही बाजूला लिहा. बहिणाबाई स्वतः लिहू शकत नव्हत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्याच एका नातलगानं त्यांची गाणी वहीत उतरवून घेतली, आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, पुस्तक निघालं. ती वही नसती तर 'लेकीच्या माहेरासाठी' ही ओळ आज तुमच्या-माझ्यापर्यंत आली नसती. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द आणि आकडे एक काना इकडचा तिकडे न करता उतरवत आला आहात. तेच इथं करायचं आहे.

या शनिवारपर्यंत दोन-तीन ओव्या मिळाल्या तर वही बरोबर न्या आणि सौ. ना तिथं वाचायला सांगा. त्यांना नको वाटलं तर आग्रह करू नका, नुसते शेजारी बसून ऐका. दुकानात आवक जास्त असली आणि या शनिवारी निघणं झालं नाही, तर तसं आदल्या दिवशीच सांगा आणि पुढच्या महिन्यातला शनिवार मालकांना आत्ताच सांगून मोकळा ठेवा.